कोरियाचा की रशियाचा? व्हिक्टर आनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी ऑलिम्पिक जवळ आलं की माझ्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. कुणीतरी जुनी चित्रफीत पाहिलेली असते. बर्फावर पाच-सहा जण घोळक्याने पळतायत, सगळ्यात मागचा एक जण अलगद पुढे येतो आणि जिंकतो. मग विचारणा होते, "हा कोण? चेहरा कोरियन आणि अंगावर रशियाचा पोशाख, हे कसं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्याचा कंटाळा आला, म्हणून सगळं एकत्र मांडलंय. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर.

१. व्हिक्टर आन आणि आन ह्यॉन-सू हे दोघं भाऊ आहेत का?

नाही, माणूस एकच: शॉर्ट ट्रॅक या बर्फावरच्या स्केटिंग शर्यतींचा खेळाडू. २३ नोव्हेंबर १९८५ ला सोलमध्ये जन्मला तेव्हा तो आन ह्यॉन-सू. 'आन' हे आडनाव, कारण कोरियात आडनाव आधी लावतात. २०११ च्या अखेरीस त्याने रशियाचं नागरिकत्व घेतलं आणि तेव्हापासून तो व्हिक्टर आन झाला. जुन्या निकालांत एक नाव आणि नव्या निकालांत दुसरं, त्यामुळे हा घोळ होतो. आपल्याकडच्या बातम्यांत त्याचं आडनाव अ‍ॅन, आह्न, अन असं काहीही छापून येतं, त्याने त्यात भरच पडते.

२. शॉर्ट ट्रॅक म्हणजे नेमकं काय? स्पीड स्केटिंग वेगळं आणि हे वेगळं का?

वेगळं. लाँग ट्रॅक, म्हणजे मूळचं स्पीड स्केटिंग, ४०० मीटरच्या रिंगणात होतं. तिथे दोघं आपापल्या मार्गिकेत पळतात आणि घड्याळाशी झुंजतात. शॉर्ट ट्रॅकचं रिंगण जेमतेम १११.१२ मीटरचं. आइस हॉकीच्या मापाच्या मैदानात ते मावतं. मार्गिका नसतात. चार-सहा जण एकदम सुटतात आणि जो आधी पोचतो तो जिंकतो, वेळ कितीही लागो. ५०० मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या, १००० म्हणजे नऊ, १५०० म्हणजे साडेतेरा. पुरुषांच्या ५००० मीटर रिलेच्या फेऱ्या पंचेचाळीस.

वळण इतकं आवळलेलं असतं की खेळाडू आतल्या बाजूला जवळजवळ आडवा होतो आणि डाव्या हाताची बोटं बर्फावर टेकवतो. त्या हातमोज्याच्या बोटांना टणक, गुळगुळीत टोप्या बसवलेल्या असतात, म्हणजे बोटं बर्फात न रुतता घसरत जातात. पातीसुद्धा बुटाच्या मधोमध नसतात. ती डावीकडे सरकवून बसवतात आणि वळणाच्या दिशेला किंचित वाकवतात, कारण इथे सगळी वळणं डावीकडचीच.

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९८८ ला कॅलगरीत प्रदर्शनापुरता होता. पदकं १९९२ पासून मिळायला लागली. घरच्या टीव्हीवर बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: पहिल्या निम्म्या फेऱ्यांत कोण पुढे आहे याला फारसा अर्थ नसतो. का, ते प्रश्न ५ मध्ये.

३. त्याची एकूण पदकं किती आणि कोणत्या देशाच्या खात्यात?

ऑलिम्पिकची आठ: सहा सुवर्ण, दोन कांस्य. रौप्य एकही नाही, ही गंमत बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

ट्यूरिन २००६ मध्ये कोरियासाठी १०००, १५०० आणि रिले यांची सुवर्णं आणि ५०० चं कांस्य. सोची २०१४ मध्ये रशियासाठी ५००, १००० आणि रिले यांची सुवर्णं आणि १५०० चं कांस्य. आकडे जुळे भावंडांसारखे आहेत: दोन्ही वेळा तीन सुवर्ण आणि एक कांस्य. फक्त ५०० आणि १५०० ची अदलाबदल झाली. चारही प्रकारांत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला शॉर्ट ट्रॅक खेळाडू.

देश बदलला म्हणून जुनी पदकं नव्या देशाकडे जात नाहीत. २००६ ची चार कोरियाची, २०१४ ची चार रशियाची.

४. २००२ मध्ये सगळे पडले आणि मागचा ऑस्ट्रेलियन जिंकला, त्या शर्यतीत हा होता का?

होता. सॉल्ट लेक सिटी, १००० मीटरची अंतिम फेरी. वय सोळा. त्याच्यासोबत अमेरिकेचा अपोलो ओनो, चीनचा ली च्याचुन, कॅनडाचा मातियू ट्युर्कोट आणि बराच मागे ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी. शेवटच्या वळणावर ली आणि ओनो यांची धडक झाली, त्यात आन सापडला, आनमध्ये ओनो अडकला आणि ट्युर्कोटही गेला. चौघं कुंपणाच्या गाद्यांत आणि ब्रॅडबरी रमतगमत रेषेपार. ऑस्ट्रेलियाचंच नव्हे, अख्ख्या दक्षिण गोलार्धाचं ते हिवाळी ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण.

"पडला तरी चौथा कसा?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. शॉर्ट ट्रॅकमध्ये पडलेला उठून रेषा ओलांडू शकतो, आणि ज्याला बाद ठरवलं जातं तो पडलेल्यांच्याही मागे जातो. त्या दिवशी ओनो धडपडत पाय रेषेपार टाकून दुसरा आला, ट्युर्कोट तिसरा, आन चौथा, आणि लीला बाद ठरवलं. ब्रॅडबरीच्या नशिबाची गोष्ट जगाला पाठ आहे. सोळा वर्षांच्या त्या पोराच्या हातून काय निसटलं, याची आठवण क्वचितच कुणी काढतं.

५. एवढं काय विशेष होतं त्याच्यात? बाकीचेही वेगवान होतेच की.

होतेच. सुटण्याच्या बाबतीत तर अनेक जण त्याच्यापेक्षा सरस होते. म्हणून तो बराच काळ मागे राहायचा.

मागे राहण्यात फायदाही असतो. पुढचा हवा कापतो आणि मागच्याचा दम वाचतो. शॉर्ट ट्रॅकमधला अर्धा खेळ हा दम वाचवण्याचा. पण मग कधीतरी पुढे जावं लागतं, आणि मार्गिका नसलेल्या अरुंद रिंगणात पुढे जाणं म्हणजे भर बाजारातून सायकल काढण्यासारखं. रस्ते दोनच: पुढच्याने वळणावर आतली जागा सोडली तर आतून, नाहीतर बाहेरून लांबचा फेरा घेऊन. आतून गेलात आणि धक्का लागला तर बाद. बाहेरून गेलात तर अंतर वाढतं आणि पायांचा जीव निघतो.

आन दोन्हीकडून जायचा. बाहेरून जाताना तो वळणाच्या बऱ्याच आधी वेग वाढवायचा, म्हणजे वळण संपून सरळ पट्टा लागेपर्यंत तो बाजूला आलेला असायचा आणि समोरच्याला कळेपर्यंत पुढे गेलेला असायचा. आतून जाताना तो इतका खाली बसायचा की मांडी जमिनीला समांतर व्हायची, आणि एका पावलापुरत्या फटीतून निघायचा. घासाघीस जवळजवळ नाहीच. पंचांनी त्याला बाद ठरवल्याचे प्रसंग इतरांच्या मानाने कमी आहेत, ते यामुळेच.

माझ्या मते त्याची खरी ताकद पायांपेक्षा डोळ्यांत होती. त्याच्या शर्यती आवाज बंद करून बघा. दर वळणावर तो कुणाकडे तरी बघत असतो.

६. "सहा वेळा जगज्जेता" असं लिहितात. पण जागतिक स्पर्धेत तर प्रत्येक अंतराला वेगळं सुवर्ण असतं ना?

असतं. पण त्या काळात त्याच्यावर एक सर्वंकष किताबही असायचा. ५००, १००० आणि १५०० या तिन्ही अंतरांच्या अंतिम फेरीत पहिल्याला ३४ गुण, दुसऱ्याला २१, तिसऱ्याला १३ असे गुण मिळायचे. शिवाय आघाडीच्या खेळाडूंची ३००० मीटरची एक शर्यत व्हायची. सगळ्याची बेरीज ज्याची जास्त तो जगज्जेता. आनने तो किताब २००३ पासून २००७ पर्यंत सलग पाच वर्षं जिंकला: वॉर्सा, गोथेनबर्ग, बीजिंग, मिनीॲपोलिस आणि मिलान. सहावा २०१४ मध्ये माँट्रियलला, रशियाकडून. मधल्या सात वर्षांचं काय झालं ते प्रश्न ८ आणि ९ मध्ये आहे.

२०२३ पासून जागतिक स्पर्धेत हा सर्वंकष किताब उरलेला नाही. त्यामुळे आजच्या खेळाडूंशी 'किती वेळा जगज्जेता' अशी तुलना करू नका, मापच बदललंय.

७. कोरियाच्या संघात गटबाजी होती म्हणतात. नक्की काय होतं?

कोरियाच्या शॉर्ट ट्रॅकमध्ये एका राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठातून आलेल्यांचा एक गट आणि बाकीच्यांचा दुसरा, अशी उघड विभागणी होती. कुणाचा प्रशिक्षक कोण आणि निवड समितीत माणसं कुणाची, यावर सगळं फिरायचं. आपल्याकडच्या कुठल्याही खेळाच्या राज्य संघटनेत दोन वर्षं काढलेल्याला यात नवल वाटणार नाही.

२००६ मध्ये हे टोकाला गेलं. ट्यूरिनच्या आधी आन पुरुष संघाबरोबर नव्हे, तर महिला संघाच्या प्रशिक्षकाकडे सराव करत होता. उलट महिलांमधली स्टार जिन सन-यू पुरुषांच्या प्रशिक्षकाकडे. विचित्र म्हणजे दोघांनीही ट्यूरिनला तीन-तीन सुवर्णं जिंकली. पदकं आल्यावर सगळं झाकलं जातं, तसं काही आठवडे झाकलंही गेलं. मग एप्रिलमध्ये जागतिक स्पर्धेहून संघ परत आला आणि इंचॉन विमानतळावर आनच्या वडिलांचा संयम सुटला. आपल्या मुलाला शर्यतीत त्याच्याच देशाचे खेळाडू अडवतात, असा आरोप करत ते स्केटिंग संघटनेच्या पदाधिकाऱ्यावर धावून गेले. हे सगळं कॅमेऱ्यांसमोर झालं.

एक गोष्ट मात्र बऱ्याच लेखांत उलटी सांगितली जाते. आन हा त्या विद्यापीठाबाहेरचा बिचारा खेळाडू नव्हता, तो तिथलाच विद्यार्थी होता. "बलाढ्य गटाने बाहेरच्याला छळलं" ही सोपी गोष्ट इथे बसत नाही.

८. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये तो का दिसला नाही?

गुडघा. जानेवारी २००८ मध्ये सरावात तो घसरून कुंपणावर आदळला आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. शस्त्रक्रिया एकात भागली नाही. शॉर्ट ट्रॅकच्या वळणात गुडघा वाकवलेला ठेवून त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, त्यामुळे इतर खेळाडूला जी दुखापत वर्षभर मागे टाकेल ती याला दोन-तीन वर्षं मागे टाकते. २००९ च्या निवड चाचणीपर्यंत तो पूर्ववत झालेला नव्हता आणि कोरियात तुमचं जुनं नाव बघून संघात घेत नाहीत. जुने जगज्जेते असलात तरी चाचणीत उतरायचं आणि जिंकायचं. मला ही पद्धत कठोर वाटते आणि योग्यही.

९. मग तो रशियाला का गेला? सरळ सांगा, गद्दारी की अन्याय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. दोन्ही शब्द बाजूला ठेवा आणि तारखा बघा.

कोरियात अव्वल खेळाडू बहुधा एखाद्या कंपनीच्या किंवा शहराच्या संघात नोकरीला असतात. पगार तिथून, बर्फ तिथून, प्रशिक्षक तिथून. आन सॉन्गनाम शहराच्या संघात होता. हे शहर सोलला लागूनच आहे. २०१० मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली आणि नव्या महापौरांनी आपले बहुतेक क्रीडा संघ वर्षअखेरीस बरखास्त केले. ते महापौर ली जे-म्यंग, पुढे २०२५ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी २०११ उजाडला तेव्हा पाच वेळचा जगज्जेता वयाच्या पंचविशीत, दुखरा गुडघा घेऊन बिनसंघाचा झाला होता. त्या वसंतातल्या निवड चाचणीत तो राष्ट्रीय संघात बसला नाही. उन्हाळ्यात तो मॉस्कोला गेला.

रशियाला २०१४ चं ऑलिम्पिक स्वतःच्या घरी भरवायचं होतं आणि शॉर्ट ट्रॅकमध्ये दाखवायला काहीच नव्हतं. त्यांनी त्याला बर्फ दिला, उपचार दिले, पगार दिला आणि मुख्य म्हणजे वेळ दिला. दुसरीकडे कोरियात त्याच्या वयाच्या खेळाडूला मागून येणारी पोरं रांगेत उभी होती.

सोचीत सुवर्ण जिंकल्यावर त्याला गटबाजीबद्दल थेट विचारलं गेलं. गटबाजी होती हे त्याने नाकारलं नाही, पण देश सोडण्याचं तेच कारण होतं हेही मान्य केलं नाही. आपल्याला आवडता खेळ चांगल्या परिस्थितीत खेळायचा होता, एवढाच त्याचा सूर होता. मला हे पटतं. गटबाजी २००६ मध्ये शिगेला होती, तेव्हा तो गेला नाही. तेव्हा तो जिंकत होता. गेला तो संघ मोडल्यावर.

१०. सक्तीची लष्करी सेवा चुकवायला गेला, असं ऐकलं. खरं का?

खोटं. कोरियात ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्या पुरुषाला नेहमीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते, काही आठवड्यांचं मूलभूत प्रशिक्षण मात्र घ्यावं लागतं. ट्यूरिनच्या पदकांमुळे ती सूट त्याला विशीतच मिळाली होती. चुकवायला काही शिल्लकच नव्हतं.

११. 'व्हिक्टर' हेच नाव का निवडलं?

दोन कारणं. एक म्हणजे विजय हा अर्थ. दुसरं व्हिक्टर त्सोय: सोव्हिएत काळातला प्रचंड लोकप्रिय रॉक गायक, वडिलांकडून कोरियन वंशाचा, १९९० मध्ये अपघातात गेला. रशियन माणसाला 'कोरियन चेहरा आणि व्हिक्टर नाव' हे लगेच आपलं वाटतं, ते त्याच्यामुळे. निवड हुशारीची होती.

१२. देश बदलला की लगेच दुसऱ्याकडून ऑलिम्पिक खेळता येतं? मग उद्या कुणीही जाईल.

लगेच नाही. एका देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्यानंतर दुसऱ्याकडून ऑलिम्पिक खेळण्याआधी साधारणपणे तीन वर्षं जावी लागतात. जुना देश राजी असेल तरच ती मुदत कमी होऊ शकते. सोचीपर्यंत आनच्या बाबतीत ही मुदत कधीच उलटून गेली होती, कारण दुखापतीमुळे तो कोरियाकडून बराच काळ खेळलाच नव्हता.

याच नियमाचा उलटा फटका बघायचा असेल तर लिम ह्यो-जुन बघा. २०१८ मध्ये त्याने कोरियासाठी १५०० चं सुवर्ण जिंकलं, नंतर तो चीनचा नागरिक झाला आणि लिन श्याओचुन झाला. पण मुदत पुरी न झाल्याने २०२२ चं बीजिंग ऑलिम्पिक त्याला बाहेरून बघावं लागलं.

आणि हो, आनकडे दोन्ही पासपोर्ट नाहीत. स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचं कोरियन नागरिकत्व संपतं. आपल्या कायद्यासारखंच.

१३. सोचीत त्याने नक्की काय केलं? फक्त एकच शर्यत बघायची तर कुठली?

आधी क्रम. १० फेब्रुवारीला १५०० मध्ये कांस्य. शॉर्ट ट्रॅकमधलं ते रशियाचं पहिलं ऑलिम्पिक पदक (१९९२ चं महिला रिलेचं कांस्य माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाचं होतं). १५ फेब्रुवारीला १००० मध्ये सुवर्ण, आणि मागोमाग दुसरा आला तोही रशियाचाच, व्लादिमिर ग्रिगोरेव. त्या शर्यतीनंतर आन बर्फावर गुडघे टेकून खाली वाकला आणि त्याने बर्फाचं चुंबन घेतलं. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. मग २१ फेब्रुवारीला एकाच संध्याकाळी ५०० आणि रिले, दोन्ही सुवर्णं. २००६ मध्येही ५०० आणि रिलेच्या अंतिम फेऱ्या एकाच दिवशी, २५ फेब्रुवारीला होत्या. तेव्हा ५०० मध्ये त्याला तिसरं व्हावं लागलं होतं.

एकच बघायची तर ५०० बघा. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-अकरा झाले असतील. घरचे झोपले म्हणून मी आवाज बंद करून बघत होतो, आणि वर प्रश्न ५ मध्ये तो सल्ला दिलाय तो तिथूनच आलाय.

५०० ही खरं तर त्याची शर्यत नव्हेच. साडेचार फेऱ्या म्हणजे चाळीस सेकंदांचा मामला, सुटतानाच निम्मा निकाल लागतो, आणि तो सुटायला मंद. चौघं रेषेवर: तो, चीनचे वू ताचिंग आणि लियांग वनहाओ, आणि कॅनडाचा शार्ल कुर्नुआये. बार झाला आणि तो मागे पडला. आता या वयात, या गुडघ्याने, एवढ्याशा अंतरात कुठून येणार पुढे? पण घाई नाही. एक वळण नुसतं बघितलं. मग एकेकाला मागे टाकत तो वूच्या पाठीला लागला. वू त्या वेळी कोवळा, ताकदवान, पुढे सुटला तर हाती न लागणारा. वळणातून बाहेर पडताना तो केसभर बाहेर गेला असेल नसेल, आन त्या फटीत शिरला. वळणाच्या त्या तोंडाशी त्याची बोटं बर्फावर टेकली होती आणि खांदा वूच्या कोपराला लागलासुद्धा नाही. त्यानंतर त्याला कुणी गाठलं नाही. वेळ ४१.३१२ सेकंद, म्हणजे उभ्याने सुटूनही सरासरी ताशी त्रेचाळीस किलोमीटरच्या वर.

वय अठ्ठावीस होतं. ट्यूरिनला तो वीसचा होता.

१४. कोरियात लोकांनी शिव्या घातल्या असतील ना?

उलट झालं. सोचीत कोरियाच्या पुरुष शॉर्ट ट्रॅक संघाला एकही पदक मिळालं नाही आणि त्यांचा जुना माणूस रशियासाठी तीन सुवर्णं घेऊन बसला. संताप झाला तो संघटनेवर. राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनीही आनचं उदाहरण देऊन, गटबाजी आणि निवडीतल्या गैरप्रकारांमुळे हे घडलं का ते बघा, असं जाहीरपणे म्हटलं. संघटनेचं संकेतस्थळ लोकांच्या गर्दीने कोलमडलं होतं. खरा रोष आठ वर्षांनी आला, प्रश्न १७ बघा.

रशियात त्याचं काय झालं, हेही विचारतात. सरकारी बक्षीस सुवर्णाला चाळीस लाख रूबल आणि कांस्याला सतरा लाख, म्हणजे त्याच्या वाट्याला एक कोटी सदतीस लाख रूबल. शिवाय पुतिन यांच्या हस्ते राष्ट्रीय सन्मान.

१५. २०१८ चं ऑलिम्पिक त्याच्या जन्मभूमीत होतं. तिथे तो का नव्हता? डोपिंग?

त्याची कुठलीही उत्तेजक चाचणी सदोष निघालेली नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. रशियाच्या सरकारी पातळीवरच्या डोपिंग प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने रशियाला बंदी घातली आणि छाननी करून निवडक खेळाडूंनाच 'रशियातील ऑलिम्पिक खेळाडू' म्हणून बोलावलं. त्या यादीत आनचं नाव नव्हतं. कारण जाहीर केलं गेलं नाही. त्याने समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांना खुलं पत्र लिहून कारण मागितलं, इतर खेळाडूंसोबत क्रीडा लवादाकडेही दाद मागितली. लवादाने ९ फेब्रुवारी २०१८ ला अर्ज फेटाळला. त्याच संध्याकाळी उद्घाटन सोहळा होता.

कारण न देता एखाद्याला वगळणं मला बरोबर वाटत नाही. दोषी असेल तर सांगा, नसेल तर खेळू द्या. समितीचं म्हणणं असं होतं की आमंत्रण हा हक्क नाही, आणि कायद्याने त्यांची बाजू टिकली.

१६. मग सोचीची पदकं काढून घेतली का?

नाही. रशियाच्या काही इतर खेळाडूंची पदकं त्या प्रकरणात गेली, काहींची अपिलात परत आली. आनची तिन्ही सुवर्णं आणि कांस्य शाबूत आहेत. रिलेचं सुवर्णही, त्यात त्याच्यासोबत एलिस्त्रातोव, ग्रिगोरेव आणि झाखारोव होते.

१७. तो चीनचाही होता का? बीजिंगमध्ये चीनच्या पोशाखात दिसला होता.

खेळाडू म्हणून नाही, प्रशिक्षक म्हणून. २०१८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, मग पुन्हा बर्फावर उतरला आणि २०२० मध्ये कायमचा थांबला. नंतर चीनच्या संघाचा तांत्रिक प्रशिक्षक झाला. मुख्य प्रशिक्षक किम सन-ते हेही कोरियनच.

बीजिंगमध्ये चीनने शॉर्ट ट्रॅकची दोन सुवर्णं जिंकली: मिश्र रिले आणि पुरुषांची १०००. या १००० वरूनच पेटलं. उपांत्य फेरीत कोरियाचे ह्वांग दे-हॉन आणि ली जुन-सो दोघंही बाद ठरले. अंतिम फेरीत आधी रेषा ओलांडणारा हंगेरीचा ल्यू शाओलिन शान्दोरही बाद झाला आणि सुवर्ण चीनच्या रन झ्वेईला मिळालं. कोरियात आगडोंब उसळला आणि कॅमेऱ्यात टाळ्या वाजवताना दिसलेल्या आनवर शिव्यांचा पाऊस पडला, त्याच्या बायकोलाही सोडलं नाही. पंचांचा निर्णय प्रशिक्षक देत नाही, पण रागाला हिशेब नसतो. दोनच दिवसांनी ह्वांगने १५०० चं सुवर्ण जिंकून आपल्या परीने उत्तर दिलं.

१८. ओनो, फोंताना की आन? सर्वश्रेष्ठ कोण?

नुसती पदकं मोजलीत तर इटलीची आरियाना फोंताना पुढे, २०२२ अखेर तिची ११. अपोलो ओनोची आनइतकीच, आठ. पण त्यात सुवर्णं दोनच. पुरुषांत सहा सुवर्णं मिळवणारा आन एकटाच. माझं मत मागाल तर पुरुषांत आन. फोंतानाने पंधराव्या वर्षी पहिलं पदक घेतलं आणि पुढे सोळा वर्षं घेत राहिली. ती टिकण्याची गोष्ट आहे, तिची तुलना मला याच्याशी करवत नाही.

१९. माझी मुलगी पुण्यात इनलाइन स्केटिंग करते. ती शॉर्ट ट्रॅककडे वळू शकेल का?

वळू शकेल. चाकांवरून बर्फावर आलेले खेळाडू जगभर आहेत, कारण बसण्याची ढब आणि वळणातला पायावर पाय टाकण्याचा प्रकार सारखाच. अडचण बर्फाची आहे. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी पूर्ण मापाचं बंदिस्त मैदान बांधलं. लेहमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत बर्फावरचं स्केटिंग असतं. मॉलमधल्या छोट्या बर्फावर तोल शिकता येतो, वळण नाही. मी स्वतः तिथे एकदा उतरलो होतो, तोलही शिकलो नाही.

एक सांगतो: पाती घेताना साधी फिगर किंवा हॉकीची जोडी घेऊ नका. आणि मानेचं, नडगीचं संरक्षण नसेल तर घोळक्यात पळू देऊ नका. पाती सुरीसारखी असतात.

२०. सध्या तो कोरियात परत आलाय का? तिथे त्याला पुन्हा स्वीकारलं?

बीजिंगनंतर तो कोरियात परतला. २०२२ च्या अखेरीस एका शहराच्या शॉर्ट ट्रॅक संघाला प्रशिक्षक हवा होता, त्याने अर्ज केला. प्रशिक्षकांच्या संघटनेने विरोध केला. संघातल्या खेळाडूंनी निवड निष्पक्ष करा असं निवेदन काढलं. जानेवारी २०२३ मध्ये निकाल लागला, त्याची निवड झाली नाही.

शहर होतं सॉन्गनाम.